हात निवेपर्यंत

इस्तरी कापडाच्या मध्यावर आली आणि बाहेरचं अंगण एकाएकी मुकं झालं. नूरिसच्या ते लगेच ध्यानात आलं नाही. हात आपल्या चालीनं चालला होता, काठाकडून मध्याकडे, मध्याकडून काठाकडे, आणि ओलसर सुती कापडातून निघणारी वाफ तिच्या हनुवटीला, गालांना, पापण्यांना लागत होती. सकाळपासून पन्हळीतून पाणी ठिबकत होतं. आपला हात त्या ठिबकण्यावरच ताल धरून होता, हे ताल तुटल्यावर तिला कळलं. पाऊस थांबला म्हणावं तर उजेड वाढायला हवा होता. उजेड वाढला नव्हता, बदलला मात्र होता. खोलीच्या भिंती आतून दुधाळ झाल्यासारख्या दिसत होत्या. तिनं मान वर केली. दाराच्या काचेपलीकडे काहीतरी पांढरं, हलकं, कसलीच घाई नसल्यासारखं खाली येत होतं. वरच्या मजल्यावर कुणी उशी फाडली असेल, असं तिला वाटलं. मग वाटलं, कापूस. लोरिकाच्या रस्त्यानं कापसाचे ट्रक जायचे तेव्हा असाच कापूस उडायचा आणि काटेरी कुंपणांना दिवसचे दिवस लटकून राहायचा. पण लोरिका खंडाच्या पार त्या टोकाला, सिनू नदीच्या काठी, कोलंबियाच्या उकडत्या किनाऱ्यालगत. आणि हे बुएनोस आयरेस होतं, जुलै महिना, भर हिवाळा, सणाच्या सुट्टीची दुपार.

अंगणातून नेलिदाबाईंचा आवाज आला. घर त्यांचं, मधलं अंगण, भोवतीनं खोल्या, खोल्यांत भाडेकरू. “अरे बाहेर या रे सगळे. बर्फ पडतोय. आपल्या घरात बर्फ पडतोय.” जणू उरलेल्या शहरात पडतच नव्हता. त्यांच्या हातात लोक्रोचा डाव तसाच होता. मक्याचं ते दाट कालवण सणासाठी सकाळपासून शिजत होतं. समोरच्या खोलीतले म्हातारे आतालिवा चपला फरफटत बाहेर आले आणि अंगणाच्या मधोमध वर बघत उभे राहिले. “आमचे वडील सांगायचे,” ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, “की लहानपणी एकदा या शहरात बर्फ पडला होता. आम्ही भावंडं हसायचो. म्हणायचो, म्हातारा थापा मारतो.” मग त्यांनी हळूच टोपी काढली, कुणाची अंत्ययात्रा समोरून जावी तशी, आणि टक्कल उघडं ठेवून तसेच उभे राहिले. “खोटं नव्हते बोलत तर,” ते म्हणाले.

नूरिसची खोलीतली जोडीदारीण रोमिना मोजे न घालताच धावत गेली. जाता जाता तिनं इस्तरीच्या खोलीच्या काचेवर थाप मारली. “अगं कोलंबिये, कापडं कसली बडवतेस? ये की.”

“आले,” नूरिस म्हणाली. आणि जागची हलली नाही.

हात तापलेले होते. एवढंच कारण होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. लोरिकात सांगावंही लागलं नसतं. तिथं पाळण्यातल्या पोरीलाही ठाऊक असतं की इस्तरी केलेल्या बाईनं हात निवेपर्यंत पाण्यात बोट घालायचं नाही, ओल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवायचा नाही, वाऱ्याच्या तोंडी उभं राहायचं नाही. तापल्या अंगाला गार लागलं की तोंडावरून वारं जातं. हाताची बोटं वळतात ती सरळ होत नाहीत. म्हणून इस्तरी झाली की बाया खांद्यावर टॉवेल घेऊन कोपऱ्यात बसतात, कोमट कॉफी पितात, आणि संध्याकाळपर्यंत कुणी हाक मारली तरी बसल्या जागेवरनं ओ देतात. नूरिसची आई तुलिया आयुष्यभर लोकांची इस्तरी करत आली होती, आणि इस्तरी करताना ती गुणगुणायची, स्वतःच जुळवलेलं:

बाई तापली इस्तरी, तिला पाणी दावू नको,
गालावरच्या उन्हाला गार वारा लावू नको.

नूरिस डॉक्टर होणार होती. इथल्या विद्यापीठात तिचं तिसरं वर्ष चालू होतं, आणि खोलीच्या बदल्यात ती नेलिदाबाईंच्या चादरी आणि कोपऱ्यावरच्या खानावळीची मेजावरची कापडं इस्तरी करून द्यायची. मागच्या परीक्षेत तिला नेमकी चेहऱ्याचीच नस आली होती. कानामागून कशी निघते, गालात तिचे फाटे कसे फुटतात, पापणीकडे कुठला जातो, ओठाच्या कोपऱ्याकडे कुठला, तिनं न अडखळता सांगितलं. परीक्षक म्हणाले होते, तुमच्याकडे लोक म्हणत असतील, गार वारं लागून होतं. “म्हणतात,” ती हसून म्हणाली होती, “अडाणी समजूत आहे.” त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं चादरींचा ढीग संपवला, आणि दूध काढायला फ्रीज उघडायची वेळ आली तेव्हा डोक्यावरून टॉवेल घेतला, तोंड वळवलं, एका हातानं दार ओढलं आणि न बघताच आत चाचपलं. रोमिनानं ते पाहिलं. तेव्हापासून घरात कुणीही फ्रीज उघडला की रोमिना म्हणायची, “थांबा, आधी बुरखा घ्या, आत कोलंबियाचं भूत आहे.” नूरिसही हसायची. अंगातून मात्र ते जायचं नाही. पुस्तकातलं डोक्यात राहतं. हे मनगटात होतं, कोपरात होतं, आईच्या हाताखाली कपड्यांच्या उबेत झोपून मिळालेलं होतं.

तिनं इस्तरीची पिन काढली. टॉवेल खांद्यावर घेतला आणि स्टूल ओढून दारापासून चार हात आत बसली. हात मांडीवर पालथे ठेवले. तळव्यांत उष्णता ठुसठुसत होती, दमलेली जनावरं धापा टाकत बसावीत तसे ते हात धापा टाकत होते. बाहेर बर्फ पडत होता. दोरीवरच्या चिमट्यांवर एकेक बारीक पांढरी टोपी आली होती. जिरॅनियमच्या कुंड्यांची माती दिसेनाशी होत होती. फरशीवर मात्र तो टिकत नव्हता, पडला की पाणी होत होता, आणि म्हणून ते सगळंच फार तात्पुरतं वाटत होतं. स्वयंपाकघरातला रेडिओ सांगत होता की हे फार वेळ चालणार नाही, आणि पुन्हा कधी पडेल ते कुणालाच सांगता यायचं नाही. हात निवायला संध्याकाळ होणार. ती टक लावून हातांकडे बघत राहिली. लवकर, ती त्यांना म्हणाली. जरा लवकर निवा.

गार म्हणजे काय असतं, हे आईला तिनंच आजवर सांगितलं होतं. दुपारी गल्लीतून गोळेवाला यायचा, गाडीला घंटा, लाकडी पेटीत भुशात झाकलेली बर्फाची लादी. तुलिया खिडकीतून हाक मारून एक गोळा करायला लावायची, चिंचेच्या रसाचा, आणि तो नूरिसच्या हातात द्यायला सांगायची. स्वतः हात लावायची नाही. समोर कपड्यांचा डोंगर असायचा, कोळशावर इस्तऱ्या तापलेल्या असायच्या. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबायचा. ती इस्तरी फिरवत फिरवत विचारायची, “कसा लागतो गं?” “गार,” नूरिस म्हणायची. “गार ते कळलं. कसा गार? विहिरीसारखा की पहाटेसारखा?” नूरिस विचार करायची. एकदा म्हणाली होती, दातात सुई टोचल्यासारखा, पण दुखत नाही अशी सुई. तुलियाला ते इतकं आवडलं की शेजारच्या बायकांना ती दिवसभर सांगत सुटली. आई उन्हाच्या देशात, आगीच्या कामात, पाण्याची बंदी घेऊन जगली. गारव्याबद्दल तिला भूक होती, आणि ती भूक तिनं मुलीच्या तोंडानं भागवली. निघताना बसथांब्यावर सगळ्यांनी नूरिसला बजावलं होतं, जपून राहा, अभ्यास कर, तिकडच्या पोरांच्या नादी लागू नकोस. तुलिया बस हलेपर्यंत काही बोलली नव्हती. मग खिडकीशी येऊन म्हणाली होती, “तिकडे बर्फ बघितलास तर हात लावून बघ. आणि मला सांग.” इतक्या हळू, की ते मागणं आहे हेही कुणाला कळू नये.

आणि तरी आईनं एकदा तो नियम मोडला होता. नूरिस तेव्हा इस्तरीच्या मेजाखाली झोपण्याएवढी होती. सान पेद्रोचा सण, जूनअखेरचे दिवस, संध्याकाळी भुरभुर पाऊस. चौकात फांदांगो होता. सान पेलायोहून बँड आला होता, आणि त्यांचा तो पोटाशी धरून वाजवायचा जाडजूड भोंगा नदीपलीकडे ऐकू जात होता. बाया हातात पेटत्या मेणबत्त्यांचे जुडगे उंच धरून बँडभोवती फेर धरतात, मेण मनगटावरून ओघळतं, आणि पुरुष अंतर राखून टोपी हलवत मागे मागे फिरतात. नूरिसला मेजाखालून आईचे फक्त पाय दिसत होते. दिवसभर ते पाय एका जागी होते. मग ते हलायला लागले, टाचा न उचलता, जरा इकडे, जरा तिकडे. मग इस्तरी तिवईवर ठेवल्याचा आवाज झाला. मग पाय दारातून गेले. परत आले तेव्हा ती झोपली होती; जागी झाली तेव्हा सकाळ होती आणि आई कॉफी पीत होती, आणि कॉफी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून खाली गळत होती. आई हसली. अर्धीच हसली. नूरिसला वाटलं, वेडावून दाखवतेय. तिनंही तसंच तोंड वाकडं करून दाखवलं, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, एकीचं तोंड सरळ होऊ शकत होतं, एकीचं नाही.

शेजारणी आल्या, कोमट तेलानं चोळून गेल्या, आणि बाहेर पडल्यावर म्हणाल्या, “तुलिया फांदांगोला गेली आणि तोंड तिकडेच ठेवून आली.” हे वाक्य गावात इतकं फिरलं की शेवटी तुलियाच्या समोरही म्हणायला कुणी कचरेना. काही महिन्यांनी बरंच सावरलं. सगळं नाही. फोटो काढायचा असला की ती उजवी बाजू पुढे करून बसायची. लग्नाकार्यात बँड वाजायला लागला की कुणीतरी म्हणायचंच, हिला बांधून ठेवा रे. नूरिस मोठी झाली, नसांची नावं शिकली, त्या रोगाचं खरं नाव शिकली, आणि तरी त्या रात्रीचा अर्थ तिच्यासाठी एकच राहिला. तापल्या हातांनी बाहेर गेलं की हे होतं. माणूस अर्धं परत येतं.

बाहेर रोमिनानं ओंजळ भरून जिरॅनियमवरचा बर्फ गोळा केला आणि आतालिवांच्या टकलावर ठेवला. “काढ गं बये,” ते म्हणाले, पण डोकं हलवलं नाही. नेलिदाबाई डाव आकाशाकडे धरून उभ्या होत्या. डावात बर्फ साठतोय का बघत होत्या. “चवीला घालते लोक्रोत,” त्या म्हणाल्या. रोमिना पुन्हा काचेशी आली. तिचे ओठ थंडीनं जांभळे झाले होते आणि डोळे इतके चमकत होते की नूरिसला तिचा हेवा वाटला, आणि तिच्यापेक्षा तिच्या आईचा. असल्या आईचा, जिनं मुलीला कसल्याच गारव्याची भीती घातली नाही. “तू खरंच येणार नाहीस?” रोमिना काचेतून म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. “जन्मात पुन्हा दिसायचं नाही हे.” नूरिसनं तळवे गालाला लावून पाहिले. गाल गरम होते की तळवे, ते कळेना. “पाच मिनिटं,” ती म्हणाली. बर्फ विरळ होत होता. चिमट्यांवरच्या पांढऱ्या टोप्या आता गळायला लागल्या होत्या.

तेवढ्यात बोळातला फोन वाजला. नेलिदाबाई डावासकट आत धावल्या आणि ओरडून म्हणाल्या, “नूरिस, तुझी आई.” आई रविवारी फोन करायची, आज रविवार नव्हता. नूरिस टॉवेल डोक्यावरून ओढून, अंगणाकडे पाठ करून, भिंतीला घासत बोळात गेली.

“पोरी, कॅफेतल्या टीव्हीवर दाखवतायत,” तुलिया म्हणाली. तिच्या मागे मोटरसायकली फटफटत होत्या, कुणीतरी कलिंगडांचा पुकारा करत होतं. चौकातल्या छत्रीखाली मिनिटाच्या भावानं मोबाइल वापरायला देणारी बाई बसायची, तिच्या मेजाला साखळीनं बांधलेला फोन कानाशी धरून आई उन्हात उभी असणार. “खरं का गं ते?”

“खरं आहे, आई.”

“तुमच्या इथं? दारात?”

“अंगणात. कुंड्यांवर, दोरीवर.”

“अगं बाई.” मग तुलियाचा आवाज खाली आला. “कसं आहे?”

नूरिसनं टॉवेल आणखी पुढे ओढला.

“बोल की गं. इथं माझ्या मागे रांग लागलीय.”

“मी आत आहे, आई.”

“आत काय करतेस?” आणि लगेच, नूरिसनं तोंड उघडायच्या आत, “इस्तरी करत होतीस.” हा प्रश्न नव्हता.

“हो.”

“हात?”

“अजून गरम आहेत.”

“मग बस आत. हलू नकोस. दाराला फट आहे का? चिंधी कोंब तिच्यात.” शब्द एकामागून एक पडले, न विचार करता, पाठ असल्यासारखे. मग पलीकडे फक्त मोटरसायकली राहिल्या. “थांबत आलंय का ते?” तुलियानं विचारलं.

“थांबत आलंय.”

“पडेल परत कधीतरी.”

“नाही पडायचं, आई. आमच्या इथल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा कधी बघितलं नव्हतं.”

नूरिसच्या मनात नव्हतं ते तिच्या तोंडून निघून गेलं. “आई, त्या रात्री तू का गेलीस?”

“कुठल्या रात्री?”

“सान पेद्रोच्या. हात तापलेले असताना. तुला सगळं माहीत होतं ना.”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. टोमणा सगळ्यांनी मारला होता, प्रश्न कुणी केला नव्हता. नूरिसला वाटलं, आई रागावेल, नाहीतर रडेल, नाहीतर म्हणेल, चुकलं माझं, म्हणूनच तुला सांगते. फोनच्या साखळीचा मेजावर खळखळाट झाला.

“का म्हणजे काय?” तुलिया म्हणाली. तिला खरोखरच प्रश्न कळला नव्हता. “वाजत होतं ना.”

आणि मग, नूरिसनं आईच्या तोंडी कधीही न ऐकलेल्या एका मऊ, चोरट्या आवाजात: “आणि काय वाजत होतं गं, नूरिस. मी मेणबत्त्या संपेपर्यंत नाचले. हातावर मेण सांडत होतं ते कळलंसुद्धा नाही. वरून भुरभुर येत होती. सगळा दिवस भट्टीत काढलेला, आणि ती भुरभुर.” कुणीतरी तिला काहीतरी बोललं. “हो गं बाई, देते, देते. नूरिस, ही फोन मागतेय. तू जाऊ नकोस हं बाहेर. ऐकलंस ना? बस आत.”

“ऐकलं,” नूरिस म्हणाली.

फोन बंद झाल्यावरही तिनं तो कानापासून काढला नाही. त्यातून एकसारखी घरघर येत होती, लांबून ऐकू येणाऱ्या नदीसारखी. आईनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या, आणि दोन्ही एकाच तोंडानं, ज्या तोंडाची एक बाजू त्या रात्रीला दिली होती. गावानं त्या बाजूला शिक्षा म्हटलं. नूरिसनंही म्हटलं, लहानपणी अज्ञानानं आणि आता ज्ञान असूनही. मेणबत्त्या संपेपर्यंत, आई म्हणाली होती. म्हणजे मध्येच परत यावंसं वाटलं नव्हतं. पहिल्या थेंबाला ती दचकली नव्हती. ती अर्धी होऊन परत आली, असं मेजाखालच्या पोरीनं पाहिलं. पण जाताना ती अख्खी गेली होती, ते त्या पोरीला दिसलं नव्हतं, तिला फक्त पाय दिसले होते.

नूरिसनं फोन जागेवर ठेवला. टॉवेल काढून फोनजवळच्या खुंटीला अडकवला. हात अजून गरमच होते. तिनं ते पाहिले, आणि तसेच घेऊन अंगणात गेली.

पहिल्यांदा काही लागलंच नाही. हात पुढे केले, पण उरलेसुरले कण तळव्याशी येईपर्यंत नाहीसे होत होते, तापल्या तव्यावर शिंतोडा पडावा तसे, आवाजही न करता. एवढ्यासाठीच का, तिला वाटलं. मग तिनं चेहरा वर केला. एक कण पापणीवर बसला. एक ओठाच्या कोपऱ्यात. त्याला वास होता, ओल्या लोखंडासारखा, आणि वजन मुळीच नव्हतं. कुणीतरी नाव घेणार होतं आणि घेतलं नाही, तसं काहीतरी गालावरून जात होतं. विहिरीसारखं नव्हतं. पहाटेसारखंही नव्हतं. मानेतून एक शिरशिरी उतरली आणि त्या शिरशिरीबरोबर भीतीही उतरली, जुनी, ओळखीची, आणि नूरिसनं तिला उतरू दिलं. गाल हळूहळू बधिर होत गेले. हे थंडीचं बधिर होणं आहे की ते दुसरं, हे तिला पुस्तकातून ओळखता आलं असतं. तिनं ओळखायला घेतलं नाही. तिच्या मनगटावर एक कण उतरला, आणि हा विरघळला नाही. त्याच्या बारीक बारीक काड्या दिसल्या, मग काड्यांची टोकं पाणी झाली, मग तो सगळाच.

“आलीस एकदाची,” रोमिना म्हणाली. “आणि बुरखा कुठाय?”

नूरिस हसली. हसू चेहऱ्यावर कुठपर्यंत गेलं ते तिला जाणवेना. “कशी दिसतेय मी?” तिनं विचारलं.

रोमिनानं तिच्याकडे नीट बघितलं. “ओली,” ती म्हणाली.

आतालिवा टोपी घालून आत गेले. रोमिना पाय चोळत स्वयंपाकघरात पळाली, आणि लोक्रोची वाफ दारातून बाहेर लोटली. बर्फ आता इतका विरळ झाला होता की एक कण दिसला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. नूरिस मान मागे टाकून मधोमध उभी होती. आईला सांगायला शब्द शोधत होती आणि एकही पुरत नव्हता, आणि न पुरणं तिला बरं वाटत होतं. नेलिदाबाई दारात आल्या.

“अगं वेडे, जेवण निवतंय. तोंड निळं पडलंय तुझं. कशासाठी उभी आहेस?”

“पडतंय ना,” नूरिस म्हणाली.